जुना मॅनेजर रेफरन्स देत नाही, आता काय?

प्रश्न : माझी मुलगी २७ वर्षांची आहे. एका आयटी कंपनीत २ वर्षं ४ महिने काम करून, ९० दिवसांचा नोटिस पिरियड पूर्ण भरून तिनं नोकरी सोडली. ऐन प्रोजेक्टमध्ये सोडली म्हणून मॅनेजर चिडलेला आहे. रिलीव्हिंग लेटर (नोकरीतून मुक्त केल्याचं पत्र) मिळालेलं नाही, मेलना उत्तर नाही. मी स्वतः दोनदा त्या ऑफिसात जाऊन आलो, गेटवरूनच परत पाठवलं. आता नवी ऑफर आली आहे, पण ते दोन रेफरन्स मागतात, त्यातला एक जुन्या मॅनेजरचा. माफी मागून परत जा, असं मी तिला सांगतो आहे. नाहीतर माझा एक मित्र मॅनेजर म्हणून फोनवर बोलायला तयार आहे. की ही नोकरी बायोडेटातून काढूनच टाकावी? – एक पालक

उत्तर : तुम्ही काय काय केलंत हे पत्रात सविस्तर आहे. मुलीचं म्हणणं काय आहे, याची मात्र एक ओळही नाही. रेफरन्सपेक्षा मला याचीच जास्त काळजी वाटते. २७ वर्षांची, नोटिस पिरियड नीट भरून बाहेर पडलेली मुलगी आहे. तिनं माफी कशाची मागायची? राजीनामा देणं हा गुन्हा नाही.

गेटवरून परत पाठवलं यात त्या कंपनीचं चुकलेलं नाही. कर्मचाऱ्याची माहिती तिसऱ्या माणसाला, अगदी वडिलांनाही, एचआर देऊ शकत नाही. उलट त्या दोन फेऱ्यांमुळे ‘तिच्या घरचे येऊन त्रास देतात’ असं म्हणायला मॅनेजरला आयतं कारण मिळालं. तिसरी फेरी कृपा करून नको.

मित्राचा विचार तर आजच सोडा. रेफरन्स तपासणारी एजन्सी तुम्ही दिलेल्या मोबाइल नंबरवर विसंबत नाही. ती कंपनीच्या मेल आयडीवरून उत्तर मागते, बोर्ड नंबरवर फोन करून त्या नावाचा माणूस तिथे आहे का हे विचारते, लिंक्डइनवर पाहते. आणि हा बनाव आज पचला, तरी दोन वर्षांनी उघड झाला तर नोकरी जाईल ती मुलीची. बाहेर पडण्याचं कारण म्हणून ‘खोटी माहिती दिली’ अशी नोंद होईल. आज तिच्या बाजूला स्वच्छ रेकॉर्ड आहे. प्रेमापोटी तुम्ही तेच डागाळायला निघाला आहात.

नोकरी लपवणंही तितकंच वाईट. पीएफच्या यूएएन नंबरला (नोकरी बदलली तरी तोच राहणारा क्रमांक) त्या कंपनीचं नाव जोडलेलं आहे, प्राप्तिकराच्या ‘फॉर्म २६एएस’मध्ये कंपनीनं कापलेला कर दिसतो. लपवलेली नोकरी सापडली की प्रश्न रेफरन्सचा राहत नाही, प्रामाणिकपणाचा होतो.

आता तुमचा मूळ गैरसमज. रेफरन्स आणि व्हेरिफिकेशन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुम्ही त्या एकत्र करून घाबरला आहात. व्हेरिफिकेशन म्हणजे ती तिथे होती का, कोणत्या पदावर, कधीपासून कधीपर्यंत. हे कागदांनी सिद्ध होतं, त्याला कुणाच्या मर्जीची गरज नाही. रेफरन्स म्हणजे तिच्या कामाबद्दल कुणाचं तरी मत, आणि ते शेवटच्या मॅनेजरनंच द्यावं असा कुठेही दंडक नाही. धोरण म्हणून फक्त तारखा आणि पद सांगणाऱ्या कंपन्या पुष्कळ आहेत, त्यामुळे मॅनेजरचा रेफरन्स नसणं नव्या एचआरला अजिबात नवं नसतं. त्यांना खटकते ती लपवाछपवी.

यापुढचा भाग मुलीला वाचायला द्या.

आधी कागद गोळा कर : ऑफर लेटर, पहिल्या आणि शेवटच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप, पगार जमा झालेला बँक स्टेटमेंटचा भाग, फॉर्म १६, राजीनाम्याचा मेल आणि तो स्वीकारल्याचा मेल, लॅपटॉप-आयडी कार्ड परत केल्याची पोच. ही पोच नसेल तर तिथेच थांबून शोध. रिलीव्हिंग लेटर अडण्याचं कारण कधीकधी मॅनेजरचा राग नसून ‘नो ड्यूज’मधली (काही देणं बाकी नसल्याच्या फॉर्ममधली) टिक करायची राहिलेली एखादी चौकट असते.

मग ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या) मेंबर पोर्टलवर सर्व्हिस हिस्टरी उघड आणि ‘डेट ऑफ एक्झिट’ भरलेली आहे का बघ. सहकार्य न करणारी कंपनी नेमकी हीच तारीख भरायची ठेवते. मग व्हेरिफिकेशनमध्ये तू अजून जुन्याच नोकरीत दिसतेस आणि दोन नोकऱ्या एकदम केल्याचा संशय येतो. शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने झाले असतील, तर ‘मॅनेज’मधल्या ‘मार्क एक्झिट’मधून ही तारीख तुला स्वतः भरता येते, आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. ही तारीख म्हणजे कामाचा शेवटचा दिवस, राजीनामा स्वीकारल्याच्या मेलशी ताडूनच भर, चुकली तर बदलून घेणं जिकिरीचं आहे.

रेफरन्ससाठी माणसं निवडताना हुद्द्यापेक्षा तुझं काम कुणी जवळून पाहिलं हे बघ. त्या कंपनीतून आधीच बाहेर पडलेला टीम लीड सर्वांत उत्तम, कारण त्याला मॅनेजरची भीती नाही. त्यानंतर दुसऱ्या टीममधली, तुझ्यासोबत काम केलेली सीनियर व्यक्ती. क्लायंटचं नाव देण्याआधी गोपनीयतेचा करार वाच. कॉलेजचे प्राध्यापक आता नकोत, मधे बराच काळ गेला. प्रत्येकाला आधी फोन कर आणि ‘रेफरन्स द्याल का’ असं न विचारता ‘माझ्या कामाबद्दल मनापासून चांगलं सांगू शकाल का’ असं विचार. जो चाचरेल त्याला मोकळं कर. कोमट रेफरन्स नसलेल्यापेक्षा वाईट. जो हो म्हणेल त्याला नव्या पदाचं वर्णन, तू केलेली तीन ठोस कामं आणि तुझ्या तारखा पाठव. माणसं तारखा हमखास चुकवतात आणि ती तफावत तुझ्या नावावर लागते.

नव्या एचआरला त्यांनी विचारण्याआधीच लिही : ‘माझ्या शेवटच्या मॅनेजरकडून रेफरन्स मिळण्याची शक्यता कमी आहे. मी नोटिस पिरियड पूर्ण केला आहे, कागद सोबत जोडले आहेत. माझं काम जवळून पाहिलेल्या तीन व्यक्तींची नावं देत आहे.’ बस, एवढंच. मॅनेजरच्या स्वभावावर एक शब्दही नको.

जुन्या एचआरला शेवटचा मेल स्तुती न मागता लिही. एम्प्लॉयी नंबर, रुजू झाल्याची आणि शेवटच्या दिवसाची तारीख, राजीनामा स्वीकारल्याचा मेल, आणि एकच मागणी : तारखा व पद नमूद केलेलं पत्र सात कामकाजाच्या दिवसांत द्यावं. उत्तर नाही आलं तर एक स्मरणपत्र, मग एचआरप्रमुखांना. वकिलाची नोटीस हा पर्याय आहे, पण नवी नोकरी त्यावाचून पक्की होत असेल तर त्यात महिने घालवू नकोस.

आणि बाबा, हे मेल तिच्या आयडीवरून, तिच्या शब्दांत जाऊ द्या. सीसीमध्ये तुमचं नाव नको.