सीझन संपत आला की आयर्लंडचे बाकीचे प्रांतीय रग्बी संघ (मन्स्टर, अल्स्टर, कॉनाक्ट) धापा टाकतात आणि डब्लिनच्या लेन्स्टरकडे मात्र खेळाडू उरतात, असं का?

डब्लिनच्या शाळा, लोकसंख्या, पैसा ही कारणं तुम्हाला माहीत असणारच. राष्ट्रीय करारांचा (निवडक खेळाडूंच्या पगाराचा) मोठा भार आयरिश महासंघ उचलतो आणि त्यातले बहुतेक खेळाडू लेन्स्टरचे, हेही. पण ‘उरतात’ हे मला मुळीच मान्य नाही. एप्रिलनंतर कुणाकडेच काही उरत नाही. राखीव फळी नावं मोजून कळत नाही, ती टाइटहेड प्रॉप (स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघांचे आठ-आठ जण एकमेकांना रेटतात तेव्हा, पहिल्या रांगेत उजवीकडचा), हुकर (त्याच रांगेत मधला), स्क्रम-हाफ आणि फ्लाय-हाफ (चेंडू फिरवणारे दोघे सूत्रधार) या चार जागांवर बघायची. विंगर (कडेने धावणारा) ऐनवेळी अकादमीतून आणता येतो. टाइटहेड नाही आणता येत.

सामन्याच्या 23 जणांत बेंचवर फ्रंट रोचे (स्क्रमच्या पहिल्या रांगेचे) तिघे ठेवावेच लागतात. म्हणजे एका सामन्याला दोन टाइटहेड, आणि पहिला साधारण 50 ते 60 मिनिटांत बाहेर येतो. त्याच्या एका खांद्यावर समोरचा लूजहेड (पहिल्या रांगेत डावीकडचा प्रॉप) आणि दुसऱ्यावर समोरचा हुकर. लूजहेडचा बाहेरचा खांदा मोकळा असतो. म्हणून लूजहेडला ‘आजच्यापुरता’ पलीकडे, टाइटहेडच्या जागी सरकवलं की स्क्रम कोसळतो, पेनल्टी जाते, कोपऱ्यात लाथ, पाच मीटरवर लाइनआउट (बाजूरेषेवरून चेंडूफेक), मॉल (चेंडूवाल्याला धरून गोळक्याने रेटणं), ट्राय (रेषेपलीकडे चेंडू टेकवणं). मे महिन्यात दोनच तंदुरुस्त टाइटहेड असलेला प्रांत पहिल्याला 70 मिनिटं दामटतो आणि पुढच्या शनिवारी तोच स्क्रम मागे रेटला जातो. तिसऱ्या-चौथ्याला खेळवावं, तर तोवर क्लबांची ऑल आयर्लंड लीग आटोपलेली असते, त्याला सामन्यांची सवयच उरत नाही. त्यात कुणाला कन्कशन (डोक्याला मार) झालं तर बहुतेकांना किमान 12 दिवस बाहेर, म्हणजे पुढचा शनिवार गेलाच.

आता 2023. लेन्स्टरने दक्षिण आफ्रिकेत, प्रिटोरियात पोरं पाठवून इज्जत घालवली, असा टोमणा काही मंडळी अजून मारतात. 22 एप्रिलला तिथल्या बुल्सनी 62-7 असा धुव्वा उडवला, हे खरं. पण तक्ता बघा. युनायटेड रग्बी चॅम्पियनशिपच्या (आयर्लंड, दक्षिण आफ्रिका वगैरेंच्या संघांची लीग, पूर्वीची प्रो12, मग प्रो14) साखळीत पहिला नंबर आधीच पक्का होता, त्या सामन्यातून मिळवायचं काही नव्हतं. प्रिटोरिया समुद्रसपाटीपासून 1,300 मीटरच्या वर, आणि पुढच्याच शनिवारी डब्लिनच्या अविवा स्टेडियमवर फ्रान्सच्या तुलूझशी चॅम्पियन्स कपची (युरोपच्या मुख्य क्लब स्पर्धेची) उपांत्य लढत. मुख्य पॅक (पुढच्या आठ जणांची फळी) तिकडे नेला असता तर रात्रभराचं विमान आणि दुखरे पाय घेऊन तो तुलूझसमोर उभा राहिला असता. त्याऐवजी 41-22 जिंकले. निर्णय शंभर टक्के बरोबर होता.

चूक झाली ती नंतर. लीगमध्ये 6 मे शार्क्स (35-5) आणि 13 मे मन्स्टर, 20 मे चॅम्पियन्स कपच्या अंतिम सामन्यात फ्रान्सचे ला रोशेल: तुलूझ धरून बाद फेरीचे चार सामने चार सलग शनिवारी. मन्स्टरविरुद्ध बरेच बदल केले आणि जॅक क्रॉलीच्या ड्रॉप गोलने 16-15 असे हरले. लीग गेली. इतकं राखून ठेवूनही अंतिम सामन्यात 12 मिनिटांत 17-0 घेतलेली आघाडी टिकली नाही, ला रोशेल 27-26 जिंकले. त्या संघाचा राक्षसी पॅक शेवटच्या वीस मिनिटांत जे वजन टाकत होता, त्याला लेन्स्टरच्या बेंचकडे उत्तर नव्हतं. 2024 मध्ये आर. जी. स्नायमन आणि राबा स्लिमानी का आणले, ते इथेच कळतं: एक अवाढव्य लॉक (स्क्रमच्या दुसऱ्या रांगेतला), एक अनुभवी टाइटहेड.

आणि मन्स्टर? ते 1 एप्रिललाच डर्बनमध्ये शार्क्सकडून 50-35 हरून चॅम्पियन्स कपमधून बाहेर पडले होते. मग स्टॉर्मर्सना त्यांच्या घरी 26-24 हरवलं, शार्क्सशी 22-22 बरोबरी, ग्लासगोत 14-5, अविवावर एका गुणाने, आणि अंतिम सामन्यात केप टाउनला स्टॉर्मर्सशी 19-14. लीग जिंकली. त्यांची राखीव फळी लेन्स्टरपेक्षा मोठी होती असं कुणी म्हणेल का? त्यांना एकच स्पर्धा खेळायची होती, एवढंच. 2016 मध्ये कॉनाक्ट ग्रेनोबलला एका गुणाने हरून युरोपच्या दुय्यम चॅलेंज कपमधून बाहेर पडले आणि मे अखेरीस मरेफील्डवर लेन्स्टरला 20-10 हरवून प्रो12 घेऊन गेले. 2025 मध्ये खुद्द लेन्स्टर चॅम्पियन्स कपमध्ये नॉर्थॅम्प्टनकडून 37-34 हरले, आणि 14 जूनला क्रोक पार्कवर बुल्सना 32-7 चिरडून लीग जिंकले.

त्यामुळे अल्स्टर किंवा कॉनाक्टने काय करावं, याचं माझं उत्तर थोडक्यात: परदेशी सेंटरवर (मागच्या फळीतला मधला खेळाडू) पैसे घालण्याआधी तिसरा टाइटहेड घ्या, आणि सिक्स नेशन्सच्या (देशांच्या संघांची स्पर्धा) आठवड्यांत त्याला फेब्रुवारीतच 50-50 मिनिटं खेळवा, मे महिन्यात नव्हे. लेन्स्टरच्या रांगेत अडकलेले घ्या. लॉक टाइग बर्न तिथून सुटला, वेल्सच्या स्कार्लेट्सकडे चमकला आणि 2018 मध्ये मन्स्टरला मिळाला.

हो, 2018 ला लेन्स्टरने बिलबाओत चॅम्पियन्स कप आणि दोन आठवड्यांनी प्रो14, दोन्ही जिंकले, हे कुणीतरी खाली लिहीलच. पण तेव्हा लीगमध्ये दक्षिण आफ्रिकेचे चीताज आणि सदर्न किंग्ज एवढेच होते. बुल्स, स्टॉर्मर्स, शार्क्स, लायन्स आले 2021 मध्ये. तेव्हाचा हिशोब आजच्या संघाला लावू नका.