राउटर तुमचा, लाइन कंपनीची. मग जबाबदारी कोणाची?

प्रश्न: मी मुलुंड पूर्वेला राहते. घरी फायबर ब्रॉडबँड आहे आणि सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरलेले आहेत. कंपनीच्या राउटरची रेंज आतल्या खोलीत येत नव्हती. केबलवाल्याचा मुलगा म्हणाला, "तुमचा घ्या ना, चालतो." नवा राउटर त्यानेच जोडला आणि जुना घेऊन गेला. तेव्हापासून नेट सारखं तुटतं. कस्टमर केअरचं उत्तर ठरलेलं आहे: "बाहेरचा राउटर लावलात, आता आमची जबाबदारी नाही." वर जुना राउटर परत न केल्याबद्दल पैसे भरा, असा मेसेजही आला. मी दहावीच्या ऑनलाइन शिकवण्या घेते आणि त्यातली मुलं गळू लागली आहेत. ग्राहक मंचात जाता येईल का? उरलेले पैसे आणि बुडालेली फी मिळेल का?

उत्तर: जाता येईल. मंचाला आता ग्राहक आयोग म्हणतात. पण कागद करण्याआधी दोष नेमका कुठे आहे ते शोधा, कारण तुमच्या तक्रारीचा जीव त्यातच आहे. फायबर ज्या डब्यात येते, त्या ओएनटीपर्यंतची लाइन कंपनीची. त्यापुढचा राउटर तुमचा. नवा राउटर बाजूला ठेवून लॅपटॉप लॅनच्या वायरने थेट ओएनटीला जोडा, कंपनीने दिलेल्या युजरनेमने लॉगिन करा आणि काही तास तसंच चालवा. तरीही नेट तुटलं, तर तुमचा राउटर दोषी नाही. ओएनटीवरचा 'एलओएस' दिवा लाल होत असेल, तर फायबरमधून सिग्नलच येत नाही. तारीख-वेळ दिसेल असा त्याचा व्हिडिओ घ्या. उलट थेट जोडणीत नेट सुरळीत चाललं, तर ब्रॉडबँड कंपनीशी भांडू नका. राउटर विकणाऱ्या दुकानदाराला आणि उत्पादकाला वॉरंटीत धरा, सदोष मालाची तक्रार त्यांच्यावर होते.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला जास्त खटकली. जुना राउटर पावतीशिवाय गेला. त्यात तुमचं युजरनेम आणि पासवर्ड साठवलेले असू शकतात. तो तसाच दुसऱ्या घरात लागला असेल, तर एकाच खात्यावर दोन ठिकाणांहून लॉगिन होऊन तुमचं नेट तुटण्याची शक्यता आहे. शिवाय त्या घरातला वापर तुमच्या नावावर नोंदला जाईल, आणि हे नेट तुटण्यापेक्षा गंभीर आहे. आजच कंपनीला ईमेल करा: पासवर्ड बदला, जुन्या राउटरची नोंद खात्यावरून काढा आणि माझ्या खात्यावर कोणत्या उपकरणांवरून लॉगिन झालं ते कळवा.

त्याच ईमेलमध्ये जुना राउटर कोणी, कधी नेला तेही लिहा. केबलवाल्याच्या मुलाला व्हॉट्सअॅपवर साधा प्रश्न विचारा: "जुना राउटर कंपनीत जमा केलास का?" त्याचं उत्तर पुरावा ठरेल. कंपनी म्हणेल, तो आमचा नोकर नाही. पण बसवणी, दुरुस्ती, वसुली या सगळ्याला ज्याला कंपनीनेच तुमच्या दारी पाठवलं, त्याच्या कृतीतून तिला सहज अंग काढून घेता येत नाही. भारतीय करार कायद्याचं कलम २३७ हेच सांगतं: एजंटाला अधिकार आहे असा समज मालकानेच करून दिला असेल, तर त्याची कृती मालकावर बंधनकारक असते. म्हणून तक्रारीत दोघांनाही पक्षकार करा, बिलावर नाव असलेली कंपनी आणि स्थानिक केबल ऑपरेटर. तोपर्यंत राउटरचे पैसे भरू नका, मात्र मेसेजला लेखी उत्तर नक्की द्या. गप्प राहिलात तर मागणी मान्य होती असा अर्थ काढला जाईल.

दुरुस्तीची तक्रार नोंदवून डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घ्या. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या २०१२ च्या नियमांनुसार, तक्रार सुटली नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत विनाशुल्क अपील करता येतं आणि त्याने ३९ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाचं भांडण सोडवत नाही, तेव्हा तिकडे पत्रं पाठवण्यात वेळ घालवू नका. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मात्र जरूर नोंद करा. पुष्कळदा कंपनी तिथेच नरमते.

टेलिफोन-इंटरनेटचे वाद ग्राहक आयोगात चालत नाहीत, असं कोणी सांगेल. २००९ च्या एका निकालामुळे तसा समज पसरला होता. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये, व्होडाफोन आयडिया विरुद्ध अजयकुमार अगरवाल या निकालात, तो दूर केला. करारात लवादाचं, म्हणजे वाद खासगी पंचाकडे नेण्याचं, कलम असलं, तरी त्यानेही आयोगाचं दार बंद होत नाही.

आता शिकवण्यांबद्दल, आणि इथे फार जपून. बुडालेली फी हा तक्रारीचा मुख्य मुद्दा करू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ व्यापारी हेतूने घेतलेल्या सेवेला संरक्षण देत नाही. स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्याला दिलेली सूट त्यात वस्तूंपुरती लिहिली आहे, सेवांचा उल्लेख नाही. समोरचा वकील नेमका हाच धागा ओढेल. कनेक्शन घरगुती प्लॅनचं आहे, घरातले सगळे ते वापरतात आणि शिकवणी हा त्यातला एक वापर आहे, हे आधी मांडा. सर्वोच्च न्यायालयाने लीलावती रुग्णालयाच्या ट्रस्टच्या प्रकरणात २०१९ मध्ये व्यवहाराचा प्रमुख हेतू पाहायचा, ही कसोटी लावली होती. ती तुमच्या बाजूची आहे. गेलेल्या फीचा आकडा सिद्ध करायला पालकांना साक्षीला आणावं लागेल. तुम्ही तसं करावं असं मला वाटत नाही, त्यांच्याशी तुमचं नातं त्याहून मोलाचं आहे. उरलेल्या मुदतीचे पैसे, बंद काळाचं भाडं, मनस्तापाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च मागा. राउटरची वसुली रद्द करण्याची मागणीही जोडा. 'अनुचित करार' हा शब्द मात्र टाळा, कारण ती तक्रार जिल्हा आयोगाकडे नसून राज्य आयोगाकडे जाते. 'सेवेतील त्रुटी' आणि 'अनुचित व्यापारी प्रथा' पुरेत.

मुलुंड मुंबई उपनगर जिल्ह्यात येतं, म्हणजे तुमच्यासाठी वांद्रे पूर्वेचा जिल्हा आयोग. कंपनीचं मुख्य कार्यालय कुठेही असो, तुम्हाला राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल होते. मुदत घटनेपासून दोन वर्षांची आहे. मसुदा लिहायला अवघड वाटलं, तर मुंबई ग्राहक पंचायतीचं मार्गदर्शन घ्या. १९७५ पासून ही संस्था हेच काम करते आहे.

त्याआधी १५ दिवसांची नोटीस स्पीड पोस्टाने आणि ईमेलने कंपनीला पाठवा. लॅपटॉपच्या चाचणीचे व्हिडिओ, डॉकेट नंबर, भरलेल्या पैशांची पावती आणि केबलवाल्याच्या मुलाचे मेसेज तिला जोडा. राउटर बदलल्याचं नोटिशीत स्वतःहून, पहिल्याच परिच्छेदात लिहा. ती गोष्ट कंपनीने आधी सांगितली, तर तुम्ही काहीतरी लपवलंत असं दिसेल.