गोठलेल्या तळ्यावर पहिल्यांदा मासेमारीला जाताना काय काळजी घ्यावी?

सामान घेऊन झालंय, तळंही गोठलंय, आता बर्फावर उतरायचं कसं, असं तुम्ही विचारलंय. गळाचं नंतर बघू, आधी पहारीचं बोलू.

किनाऱ्यापासूनच पहार पुढे आपटत चालायचं. बर्फ घट्ट असेल तर टणक आवाज येतो आणि झटका मनगटात बसतो. एकदोन घावांत पहार आरपार गेली, की आल्या पावली मागे. थोडं आत गेल्यावर गिरमिटाने भोक पाडा, टेपचं टोक बर्फाच्या खालच्या कडेला अडकवा आणि जाडी मोजा. नितळ, काळपट बर्फ पायी चालायला किमान ४ इंच हवा. मी ५ इंचांखाली जात नाही, भित्रा म्हणा हवं तर. दुधी पांढरा बर्फ ताकदीला साधारण निम्माच, म्हणून तिथे जाडी दुप्पट पाहिजे. आणि एकदा मोजून भागत नाही, पुढे जाल तसं पुन्हा मोजा.

हे मी पाय भिजवून शिकलोय. तळ्याच्या मधोमध चांगला ७ इंच भरला होता, म्हणून परतताना निर्धास्तपणे लव्हाळ्यातून जवळची वाट धरली आणि उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत! पाणी तेवढंच खोल होतं म्हणून निभावलं. लव्हाळी, झरे, ओढ्याचं तोंड, पुलाचे खांब, इथे बर्फ हटकून पातळ असतो. भुसभुशीत हिमाचा थर साचला असेल तर तो गोधडीसारखं काम करतो, खालचा बर्फ लवकर जाड होत नाही.

एकट्याने जाऊ नका. दोघांत दहाबारा पावलांचं अंतर ठेवा, दोरी जवळ असू द्या. मुठीत धरायचे दोन टोचे मिळतात, ते गळ्यात अडकवा. पिशवीतले टोचे पाण्यात पडल्यावर काय कामाचे? पडलातच तर पहिलं मिनिट फक्त श्वास आवरायचा. हातपाय नीट चालतात ते जेमतेम १० मिनिटं. ज्या बाजूने आलात तिकडेच तोंड वळवा, कारण तिथल्या बर्फाने तुमचं वजन पेललं होतं. टोचे रोवून, पाय झाडत पोटावर वर सरका आणि लोळतच लांब जा. उभं राहायची घाई करू नका.

बर्फ मधूनच तोफेसारखा गरजतो, पहिल्यांदा काळजाचं पाणी होतं. थंडीने तो ताणला-आकसला जातो, त्याचा तो आवाज. नुसत्या त्यावरून बर्फ कच्चा ठरत नाही. तंबूत हीटर लावलात तर मात्र हवेची झडप उघडी हवी, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं दुखायला लागलं की लगेच बाहेर.

मासेमारीचं म्हणाल तर दोन-अडीच फुटी काठी आणि बारीक गळ पुरे. गळ तळाला टेकवा, फूटभर वर घ्या आणि हलकेच नाचवत राहा.