धोत्रा, रिंगणी, आस्कंद : वांग्याच्या गोतातली औषधं

गणपतीच्या एकवीस पत्रींमध्ये धोत्रा आणि डोरली या दोघी वांग्याच्या कुळातल्या. मिरची, बटाटा, टोमॅटो, तंबाखूही त्याच घरची. मागच्या वेळी पत्रीवर लिहिलं, त्यानंतर आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेते. मी औषधनिर्माणशास्त्राच्या मुलांना वनौषधी शिकवते. त्यामुळे झाडाचा कोणता भाग आणि किती मात्रा, हे विचारल्याशिवाय मला उत्तर सुचत नाही.

वडिलांना दमा आहे. गावाकडे धोत्र्याची वाळलेली पानं चिलमीत भरून ओढायला सांगतात. याने खरंच आराम पडतो का?

पडतो, आणि भीती त्याचीच आहे. धोत्र्याच्या पानांत हायोसायमिन, ॲट्रोपिन आणि स्कोपोलामिन ही अल्कलॉइडं असतात. ती श्वासनलिकांचे आवळलेले स्नायू सैल करतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा उपाय मद्रासहून ब्रिटनला गेला, आणि पुढे तिकडे दम्याच्या सिगारेटी औषधाच्या दुकानांत विकल्या जाऊ लागल्या. जपानमध्ये हानाओका सेइशू यांनी 1804 साली धोत्रा आणि बचनाग असलेला काढा देऊन रुग्णाला गुंगवलं आणि स्तनातली कर्करोगाची गाठ काढली. म्हणजे झाडात गुण आहे, यात शंका नाही.

पण ही द्रव्यं प्रत्येक झाडात, प्रत्येक ऋतूत आणि पानाच्या वयानुसार कमीजास्त भरतात. चिलमीच्या एका झुरक्यात किती गेलं, हे कोणी सांगू शकत नाही. जास्त झालं की तोंडाला कोरड पडते, अंग तापतं, चेहरा लाल होतो, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, माणूस असंबद्ध बडबडतो आणि हवेतल्या नसलेल्या वस्तू वेचू लागतो. वडिलांचं वय झालं असेल तर प्रोस्टेटमुळे लघवी अडू शकते, काचबिंदू असेल तर तो भडकू शकतो. डॉक्टर पंपातून देतात ते इप्राट्रोपियम हे ॲट्रोपिनमध्येच फेरफार करून बनवलेलं औषध. ते मोजून मिळतं आणि रक्तात फारसं उतरत नाही. वडिलांसाठी तेच मागा.

यंदा पत्री निवडताना आमच्या एका विद्यार्थिनीने धोत्र्याची पानं खुडली आणि त्याच हाताने डोळा चोळला. थोड्या वेळाने तिची एकच बाहुली मोठी झालेली दिसली, जवळचं अंधुक दिसू लागलं. उतरायला दोन दिवस गेले. पत्री हाताळून झाली की मुलांचे हात साबणाने धुवा. आणि धोत्र्याचं बी मिरचीच्या बियांत मिसळलं तर पटकन लक्षात येत नाही, म्हणून ओळख सांगते : मिरचीचं बी पातळ, चपटं, फिकट पिवळं, धोत्र्याचं जाडसर, तपकिरी आणि कानाच्या पाळीसारखं.

दशमूळात रिंगणी आणि डोरली दोन्ही असतात. दुकानदार म्हणतो, एकच घातली तरी चालेल.

नाही. रिंगणी जमिनीला चिकटून पसरते, म्हणून तिला भुईरिंगणीही म्हणतात. पानाच्या दोन्ही अंगांना सरळ, पिवळट काटे. हिरव्या फळावर पांढरे पट्टे असतात आणि ते पिकून पिवळं होतं. डोरली उभं झुडूप आहे. बृहती म्हणजे डोरली आणि कंटकारी म्हणजे रिंगणी, ही दोन वेगळी मुळं ग्रंथात वेगळीच मोजली आहेत. रिंगणी खोकल्यावर आणि कफावर परंपरेने मानलेली. तिच्या फळांतून मिळणारं सोलासोडिन स्टेरॉइड औषधांसाठी कच्चा माल म्हणून वापरलं गेलं आहे.

रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातले किडे पाडतात, असंही याच पत्रात आहे. युरोपात खुरासानी ओव्याच्या (हीही वांग्याच्याच कुळातली विषारी वनस्पती, आपला ओवा नव्हे) बियांची अशीच धुरी देत असत. पाण्यात पडणारे ते पांढरे ‘किडे’ म्हणजे उष्णतेने बियांतून सुटलेले अंकुर होते. दात जिवाणूंमुळे किडतो. दंतवैद्याकडे जा.

आस्कंदाची पानं वाळवून चहात घालते. मला थायरॉइडची गोळी चालू आहे.

पानं आजच बंद करा. परंपरेने पोटात घ्यायचं ते मूळ. घोड्यासारखा वास येतो म्हणून अश्वगंधा, तो वासही ओल्या मुळाचाच. पानांत विदाफेरिन-ए हे तीव्र द्रव्य मुळापेक्षा बरंच जास्त असतं. आयुष मंत्रालयानेही 2021 मध्ये उत्पादकांना पानं न वापरण्याची सूचना दिली आहे. मुळाचं चूर्णसुद्धा थायरॉइड संप्रेरकं वाढवू शकतं, त्यामुळे तुमच्या गोळीचा हिशेब बिघडेल. काही जणांच्या यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. गरोदरपणात तर नकोच.

बटाटा हिरवा पडला तर तेवढा भाग तळून खाल्ला तर?

हिरव्या बटाट्यातलं सोलानिन हे विष तळून किंवा उकडून जात नाही. हिरवा भाग आणि कोंब खोलवर कापून टाका. बराच हिरवा असेल किंवा चवीला कडू लागला तर बटाटा फेकून द्या.

कापसावर फवारताना भावाला विषबाधा झाली, दवाखान्यात ॲट्रोपिन दिलं. ते धोत्र्यात असतं म्हणे. पुन्हा वेळ आली तर घरी धोत्र्याचा काढा द्यावा का? दवाखाना 30 किलोमीटरवर आहे.

ताई, देऊ नका. तुमची अडचण खरी आहे, म्हणून सविस्तर सांगते. ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकामुळे शरीरात ॲसिटिलकोलिन, म्हणजे मज्जातंतूंचे निरोप पोचवणारं द्रव्य, साठत जातं. लाळ, घाम वाहतो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, फुप्फुसात पाणी भरतं. ॲट्रोपिन याच्या बरोबर उलट काम करतं. पण डॉक्टर ते शिरेतून देतात, दर काही मिनिटांनी छाती ऐकत मात्रा वाढवतात आणि छाती मोकळी झाली की थांबतात. काढ्यात किती उतरलं हे कळत नाही, अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात ओतलेलं श्वासनलिकेत जातं, आणि विषावर दुसरं विष चढलं तर डॉक्टरांनाही लक्षणं ओळखू येत नाहीत. शिवाय फवारणीचं प्रत्येक औषध ऑर्गनोफॉस्फेट नसतं.

तुमच्या हातात आहे ते एवढं : हातमोजे घालून भावाचे कपडे काढा, अंग आणि केस साबणाच्या भरपूर पाण्याने धुवा, गुंगीत असेल तर कुशीवर झोपवा, 108 ला फोन करा. आणि निघताना फवारलेल्या औषधाची बाटली लेबलासकट सोबत घ्या.