जर्मनीत फार्मसिस्ट व्हायचंय म्हणून विचारलंत, त्याचं उत्तर

तुम्ही लिहिलंय की बी.फार्म झालंय, चार वर्षं मेडिकलमध्ये काम केलंय, आणि एजंट म्हणतोय बी-वन जर्मन (भाषेच्या सहा पातळ्यांतली तिसरी) झालं की सहा महिन्यांत परवाना हातात. असं होत नाही. मी कोल्हापूरहून आले तेव्हा मलाही हेच सांगितलं होतं, त्यात माझं एक वर्ष गेलं.

इथे 'अप्रोबेशन' म्हणजे कायमचा परवाना लागतो. आपली पदवी युरोपबाहेरची, त्यामुळे बहुतेकांना तोंडी परीक्षा द्यावी लागते, त्यात कायदाही असतो. शिवाय सी-वन, म्हणजे पाचव्या पातळीची, व्यवसायाच्या भाषेची वेगळी परीक्षा: वीस मिनिटं पेशंटशी बोलणं, वीस लेखी, वीस सहकाऱ्याशी. तोवर देखरेखीखाली काम करायला तात्पुरता परवाना मिळू शकतो, जास्तीत जास्त दोन वर्षांचा.

कायदा नुसता पाठ करू नका, तो आला कुठून ते बघा. तेराव्या शतकात सम्राट फ्रेडरिक दुसरा याने दक्षिण इटलीतल्या आपल्या राज्यात नियम केला की वैद्याने औषध विकणाऱ्याशी भागीदारी करायची नाही, आणि औषधाचे दर सरकार ठरवेल. तो धागा इथे अजून तुटलेला नाही. डॉक्टरला औषधाचं दुकान काढता येत नाही. चिठ्ठीवरच्या औषधाची किंमत हॅम्बुर्गला तीच, म्युनिकला तीच. आपोथेकेचा, म्हणजे इथल्या औषधाच्या दुकानाचा, मालक फार्मसिस्टच हवा. एक मुख्य दुकान आणि फार तर तीन शाखा, त्याही 2004 पासून. त्याआधी एका माणसाला एकच. दुसऱ्याच्या सर्टिफिकेटवर दुकान चालवणं आपण पाहिलंय, ते डोक्यातून काढून टाका.

आणि आपोथेके ही प्रयोगशाळाही आहे. पाडरबोर्नच्या अशाच एका दुकानात झेर्ट्युर्नर नावाच्या विशीतल्या मदतनिसाने 1805 च्या सुमारास अफूतून मॉर्फिन वेगळं काढलं. मेर्क ही औषधकंपनी डार्मस्टाटमधल्या 1668 सालच्या आपोथेकेतूनच वाढली.

माझ्या पहिल्याच आठवड्यात एका लहान मुलासाठी कॉर्टिझोनचं मलम बनवायचं होतं. मी थेट वजनकाट्याकडे वळले. मालकीणबाईंनी हात धरला आणि पुढ्यात कोरा कागद ठेवला: हे घटक एकमेकांशी जुळतात का, मात्रा या वयाला बरोबर आहे का, मलम किती दिवस टिकेल, आधी लिहून काढ. मलमाच्या बेसचा नवा डबा आला की सोबत सर्टिफिकेट असलं तरी आत तेच आहे ना, हे आम्ही स्वतः तपासतो. कोल्हापुरात मी चार वर्षं कात्रीने स्ट्रिपा कापल्या होत्या. त्या दिवशी मलमाच्या डबीवर लेबल चिकटवताना मला पहिल्यांदा वाटलं, आपण यासाठी शिकलो.

तेव्हा बी-टूपर्यंतचं जर्मन तिकडेच पक्कं करा. आणि विद्यापीठाकडून प्रत्येक विषयाच्या तासांसकट अभ्यासक्रमाची सही-शिक्क्याची प्रत आजच मागवा. माझी यायला पाच महिने लागले, आणि तोवर अर्ज जागचा हलला नाही.