सुकी मासळी फक्त कोकणातच खातात का? ऑफिसमधले लोक डबा उघडला की नाक मुरडतात

अहो बाहेर पण जोरात खातात, आणि नाक मुरडणारे तिकडेही असतीलच, सोडा त्यांना. मजा म्हणजे कुठला मासा नुसता वाळवायचा आणि कुठल्याला मीठ मारायचं याचं गणित जवळपास सगळीकडे एकच आहे, माशात तेल किती.

आमच्या मुरुडकडे बघा, बोंबलात तेल नावालाच, बाकी सगळं पाणी, म्हणून दोन-दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवून बांबूच्या वलांडीवर टाकले की बिनमिठाचे पण ऊन-वाऱ्यावर कडक होतात. बांगड्याचं तसं नाही, तो तेलकट, नुसता वाळवला तर खवट मारतो, तो खारवायचाच. आता नॉर्वेत लोफोटेन बेटांवर कॉड मासा फेब्रुवारीपासून मेपर्यंत लाकडी मांडवावर असाच जोडीजोडीने टांगतात, मीठ अजिबात नाही, कारण कॉडमध्ये तेल कमी आणि तिकडे थंडी एवढी की माश्या बसत नाहीत. पण त्याच नॉर्वेत हेरिंग तेलकट म्हणून त्याला मीठ! हा कॉड सगळ्यात जास्त इटलीला जातो. तिकडे सांगतात की 1432 मध्ये व्हेनिसचा क्वेरिनी नावाचा व्यापारी जहाज फुटून त्या बेटांवर अडकला आणि परत जाताना हा मासा घेऊन गेला. मुंडकी पण फुकट जात नाहीत, सुकवून नायजेरियाला पाठवतात, रश्श्यात टाकायला.

जपानची कात्सुओबुशी तर कहर आहे, ट्यूनाच्या जातीचा मासा उकडून, धुरी देऊन, वर बुरशी चढवून लाकडासारखा टणक करतात आणि किसून सूपाला वापरतात. तिथेही कमी तेलाचाच मासा चांगला धरतात. आता हेच महागड्या हॉटेलात आलं की लोक फोटो काढणार, आणि आपल्या सोड्यांचा, म्हणजे सोललेल्या सुक्या कोळंबीचा, म्हणे वास येतो 😄 सोड्यांचा भाव विचारा एकदा म्हणावं.

आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, म्हणून आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, डबे भरून ठेवायचे, हे तुम्हाला माहीतच असेल.

श्रीलंकेत कधी गेलात तर पोल संबोल नक्की खा, ओलं खोबरं, मिरची, कांदा, लिंबू आणि मालदीवचा सुका मासा कुटून घातलेला. मालवणातल्या कुणालाही वाढा, किसमूर (आपली सुक्या मासळीची खोबरं घातलेली कोशिंबीर) समजून पेजेबरोबर संपवेल.