भिंत लुकलुकली की थांबा

गेल्या अंकात व्हिडिओ गेममधल्या लपवलेल्या गोष्टींबद्दल वाचकांना पत्रं पाठवायला सांगितलं होतं. ढीगभर आली. १९९४ पासून नऊ वर्षं मी आणि माझा धाकटा भाऊ सांगलीत गेमचं दुकान चालवत होतो, त्यामुळे यातले बरेच प्रश्न मला तेव्हा गल्ल्यावर बसूनही कुणी ना कुणी विचारलेले आहेत. जागेअभावी पाचच निवडले आहेत.

माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. सुट्टीत त्याला रोज एक तास गेम खेळायची परवानगी आहे. पण हल्ली तो गेम पुढे नेतच नाही. भिंतींना धडका देत, कोपरे चाचपत फिरत बसतो. विचारलं की म्हणतो, ‘ईस्टर एग शोधतोय.’ हे काय प्रकरण आहे? आणि इथे अंड्याचा काय संबंध? – एक आई, चिंचवड

ताई, काळजी करू नका. भिंती चाचपत फिरणं हीसुद्धा गेम खेळायचीच एक जुनी आणि चांगली रीत आहे. गेम बनवणाऱ्याने मुद्दाम लपवून ठेवलेल्या गोष्टीला ईस्टर एग म्हणतात. एखादी खोली, एखादं नाव, दुसऱ्या एखाद्या गेमची आठवण, काहीही. ती सापडली नाही म्हणून गेम अडत नाही, आणि सापडली म्हणून गुण वाढतीलच असंही नाही.

अंड्याची गोष्ट जरा सविस्तर सांगते. १९७०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या अटारी कंपनीत एकेक माणूस एकट्याने आख्खा गेम तयार करायचा. चित्रं त्याची, आवाज त्याचे, कोडी त्याची. पण खोक्यावर, पुस्तिकेत, पडद्यावर कुठेही त्याचं नाव नसायचं. वॉरन रॉबिनेट तिथे ‘ॲडव्हेंचर’ नावाचा गेम करत होता. १९८०मध्ये तो बाजारात आला आणि त्याच्या दहा लाखांवर प्रती खपल्या. सगळा गेम ४,०९६ बाइटमध्ये बसवलेला. तुमच्या फोनमधला एक साधा फोटो याच्या शेकडो पट मोठा असतो. इतक्या चिंचोळ्या जागेत या माणसाने एक खोली स्वतःसाठी राखून ठेवली.

त्या खोलीत कसं जायचं ते सांगते, कारण पुढे कधीतरी मी ते संगणकावर स्वतः करून पाहिलं आहे. काळ्या किल्ल्यातल्या चक्रव्यूहात एक बंद कप्पा आहे. गेममध्ये उचलून नेता येणारा एक पूल असतो, तो लावल्याशिवाय आत शिरता येत नाही. आत काहीच दिसत नाही. पण चाचपडत फिरलं की वस्तू उचलल्याचा आवाज येतो. तुमच्या हाताला एक ठिपका लागलेला असतो. पडद्यावर काढता येईल तेवढा लहान आणि मागच्या रंगासारखाच करडा, म्हणून तो दिसलेला नसतो. तो घेऊन पिवळ्या किल्ल्याच्या खालच्या अंगाला उजवीकडच्या खोलीत यायचं आणि तिथे आणखी दोन वस्तू आणून टाकायच्या. त्या यंत्राला एका वेळी दोनच वस्तू धड दाखवता यायच्या, जास्त झाल्या की लुकलुक सुरू व्हायची. तशी उजवीकडची उभी रेघ लुकलुकायला लागते. एरवी ती भिंत असते. आता तुम्ही तिच्यातून सरळ पलीकडे जाता, आणि तिथे वरून खाली उतरत जाणाऱ्या, रंग बदलणाऱ्या अक्षरांत लिहिलेलं असतं : ‘क्रिएटेड बाय वॉरन रॉबिनेट’. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं.

रायगडावर जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर ‘सेवेचे ठायी तत्पर हिरोजी’ ही अक्षरं आपण वाकून वाचतो ना, ते मला आठवलं. हिरोजीचं नाव उघड्यावर कोरलेलं आहे. रॉबिनेटला तेवढीही जागा मिळाली नाही, म्हणून त्याने ती भिंतीमागे केली.

त्याने हे कंपनीत कुणालाही सांगितलं नाही आणि नोकरी सोडून निघून गेला. मग सॉल्ट लेक सिटीतल्या पंधरा वर्षांच्या एका मुलाचं अटारीला पत्र आलं, की मला अशी अशी खोली सापडली. ते नाव काढायचं तर चिप नव्याने बनवावी लागणार, म्हणजे मोठा खर्च. तेव्हा तिथले अधिकारी स्टीव्ह राइट म्हणाले, असू दे, ईस्टरला मुलं लपवलेली अंडी शोधतात तसंच हे समजू. तिथून हे नाव पडलं. आपल्याकडे वांद्र्यात, वसईत, गोव्यात ईस्टरच्या सुमाराला बेकरीत मार्झिपानची रंगीत अंडी मांडलेली असतात. तिकडे ती बागेत लपवतात आणि मुलांना शोधायला सोडतात.

याच्याही आधीची लपवलेली नावं नंतर सापडली आहेत. अटारीच्याच १९७७च्या ‘स्टारशिप १’मध्ये ठरावीक क्रमाने कळा दाबल्या की ‘हाय रॉन’ असं उमटतं आणि दहा खेळ फुकट मिळतात. रॉन म्हणजे रॉन मिल्नर, त्या गेमचा कर्ता. हे बाहेरच्या जगाला कळलं २०१७मध्ये, चाळीस वर्षांनी.

तेव्हा ताई, मुलाला एक दुरेघी वही आणून द्या आणि फिरलेल्या जागांचा नकाशा काढायला सांगा. आमच्या दुकानात येणाऱ्या एका मुलाकडे अशी वही होती. जिथे भिंत ‘वेगळी’ वाटली तिथे तो लाल शाईने फुली मारायचा. दुकान बंद झालं तेव्हा ती वही तो मला देऊन गेला, अजून माझ्याकडे आहे.

आमच्या लहानपणी ‘काँट्रा’मध्ये वर-वर-खाली-खाली करून तीस जीव मिळायचे. ते पण ईस्टर एगच का? आणि ते कुणी शोधून काढलं? – एक वाचक, बार्शी

नाही भाऊ, ती किल्ली. अंडं वेगळं, किल्ली वेगळी. अंडं पाहायचं असतं, किल्लीने काहीतरी मिळतं. वर वर, खाली खाली, डावी उजवी, डावी उजवी, बी, ए. आमच्या दुकानात टीव्हीच्या मागच्या भिंतीवर भावाने हे बाण स्केचपेनने काढून ठेवले होते, आणि कॅसेटीत फुंकर मारून ती खोचली की लहान पोरं आधी त्या भिंतीकडे बघायची.

ही किल्ली जपानच्या कोनामी कंपनीतल्या काझुहिसा हाशिमोतो यांची. ते ‘ग्रेडियस’ हा पार्लरमधला गेम घरच्या निन्टेन्डो यंत्रासाठी तयार करत होते, १९८६ची गोष्ट. गेम नीट चालतो का हे तपासायला तो शेवटपर्यंत खेळून बघावा लागतो, आणि तो त्यांना फार अवघड जायचा. म्हणून त्यांनी आपल्या सोयीसाठी एक क्रम ठरवला. तो दाबला की विमानाला सगळी शस्त्रं मिळायची. बोटांना सहज आठवेल असा क्रम. गेम बाजारात गेला तेव्हा तो काढायचा राहून गेला. नंतर कंपनीने तो दुसऱ्या गेमांत मुद्दाम ठेवला, आणि ‘काँट्रा’तल्या तीस जीवांमुळे तो जगभर पाठ झाला. आपल्याकडे मिळणारी स्वस्त यंत्रं निन्टेन्डोच्याच यंत्राच्या नकला होत्या, म्हणून बार्शीतल्या आणि सांगलीतल्या पोरांची बोटंही त्याच क्रमाने चालली. हाशिमोतो २०२०च्या फेब्रुवारीत गेले. ती बातमी भावाने मला फोनवर सांगितली आणि आम्ही दोघं बराच वेळ त्या भिंतीबद्दल बोलत बसलो.

मी बँकेतून निवृत्त झालो. आमच्या शाखेत संगणक आले तेव्हा जेवणाच्या सुट्टीत सगळे ‘माइनस्वीपर’ खेळत. आमचे एक सहकारी कधीच सुरुंगावर पाय देत नसत. त्यांनी गुपित अखेरपर्यंत सांगितलं नाही. खरंच काही युक्ती होती का? – एक ज्येष्ठ वाचक, रत्नागिरी

काका, होती. (नवख्यांसाठी : या गेममध्ये झाकलेल्या घरांपैकी काहींखाली सुरुंग असतात, ते टाळून बाकीची घरं उघडायची.) त्यांनी तीच वापरली असेल असं नाही, काही माणसांचा हिशेबच पक्का असतो. पण विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांत, एक्सपीपर्यंत, हे जमायचं. माइनस्वीपर उघडायचा, कीबोर्डवर एक्स, वाय, झेड, झेड, वाय ही अक्षरं दाबायची आणि मग शिफ्ट धरून एंटर. वरवर काहीच घडत नाही. पण पडद्याच्या अगदी वरच्या डाव्या कोपऱ्यात बघायचं. तिथला एकच ठिपका, सुईच्या टोकाएवढा, माउस सुरक्षित घरावर असला की पांढरा होतो आणि सुरुंगावर असला की काळा. तुमचे सहकारी खेळताना मधूनच त्या कोपऱ्याकडे डोळे फिरवत होते का, हे आठवून बघा.

आता यातली खरी मौज. ती पाच अक्षरं कुठून आली? विल क्राउथर नावाचे एक अमेरिकन प्रोग्रामर होते. ते आणि त्यांची पत्नी केंटकीतल्या मॅमथ केव्ह या प्रचंड गुहेत उतरून तिचे नकाशे करायचे. पुढे दोघं वेगळे झाले. १९७०च्या दशकाच्या मध्यात क्राउथरनी आपल्या मुलींसाठी त्या गुहेवर एक गेम लिहिला. त्यात चित्रं नाहीत, नुसते शब्द. तुम्ही ‘उत्तरेकडे जा’ असं लिहायचं आणि संगणक पुढे काय दिसतंय ते सांगायचा. १९७७मध्ये डॉन वूड्सनी त्यात भर घातली. त्या गुहेत ही पाच अक्षरं म्हणजे मंत्र. ती उच्चारली की क्षणात गुहेतून बाहेरच्या घरात, पुन्हा उच्चारली की परत गुहेत.

हाच गेम पाहून रॉबिनेटला वाटलं, हे चित्रांत करता येईल. त्यातून चिंचवडच्या ताईंना सांगितलेला ‘ॲडव्हेंचर’ झाला. म्हणजे एका बापाने मुलींसाठी लिहिलेला मंत्र फिरत फिरत तुमच्या शाखेतल्या टेबलापर्यंत आला, काका. तो माइनस्वीपरमध्ये ठेवणाऱ्याने क्राउथरना केलेला तो नमस्कार आहे, असं मी मानते. दुसऱ्याच्या कामाची आठवण अशी गुपचूप ठेवली जाते तेव्हा ती मला सगळ्यात आवडते.

‘सॅन अँड्रियास’मध्ये जंगलात बिगफूट आहे की नाही? आमच्या होस्टेलवर यावरून भांडणं झाली आहेत. – एक विद्यार्थी, अमरावती

नाही. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ मालिकेतल्या २००४च्या त्या गेममध्ये बिगफूट, म्हणजे दंतकथेतला केसाळ वनमानव, नाही. रात्रीच्या धुक्यात झाडाच्या बुंध्याकडे टक लावून बसलेले कित्येक जण मी पाहिले आहेत, त्यांच्यासाठीही हेच उत्तर. मात्र त्याच कंपनीने लोकांचा हा हट्ट लक्षात ठेवला आणि २०१३मध्ये आलेल्या, मालिकेच्या पाचव्या भागात एक बिगफूट घातला. गेम शंभर टक्के पुरा केला की त्याच्या शोधाची मोहीम सुरू होते. दुसऱ्या एका कंपनीच्या ‘डायब्लो’ या गेमचंही असंच झालं. पहिल्या भागात एका गाईवर खूप वेळा क्लिक केलं की गुप्त जागा उघडते अशी आवई होती, ती साफ खोटी. त्या कंपनीने आपल्याच १९९८च्या ‘स्टारक्राफ्ट’ या गेममध्ये ‘गाईंची पातळी नाही’ अशा अर्थाचा एक चीट कोडच ठेवला, आणि २०००च्या ‘डायब्लो २’मध्ये खरोखर दोन पायांवर चालणाऱ्या गाईंची पातळी दिली.

सॅन अँड्रियासमधलं खरं अंडं हवं असेल तर गँट ब्रिजच्या खांबाच्या टोकावर उतर. तिथे पाटी आहे, ‘इथे वर ईस्टर एग नाहीत, निघा.’ आणि त्याच मालिकेतल्या ‘व्हाइस सिटी’त एका इमारतीच्या खिडकीतून आत उडी मारली की चौथऱ्यावर चक्क अंडं ठेवलेलं आहे.

आम्ही चौघीजणी शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी एक छोटा गेम करतोय, वाड्यात हरवलेल्या मुलीचा. माझी आजी यंदा गेली. वाड्यात कुठेतरी तिची एखादी खूण ठेवावी असं मला वाटतं. आमचे मार्गदर्शक सर म्हणतात, शेवटी नामावली आहेच, तिथे आभार माना, लपवायचं कशाला? – एक विद्यार्थिनी, नाशिक

बाळ, सरांचं म्हणणं चुकीचं नाही. नामावलीत आजीचं नाव जरूर घाल. त्या हक्कासाठी लोक भांडले आहेत. अटारीतले चार प्रोग्रामर नाव आणि वाटा मिळत नाही म्हणून बाहेर पडले आणि १९७९मध्ये त्यांनी ॲक्टिव्हिजन काढली. पण नामावली सगळ्यांसाठी असते. जी खूण थांबून पाहणाऱ्यालाच दिसते तिचं काम निराळं आहे.

तुला एक उदाहरण देते. सातोरु इवाता निन्टेन्डोचे अध्यक्ष होते, पण मूळचे प्रोग्रामर. १९८४चा ‘गोल्फ’ हा गेम त्यांनी स्वतः लिहिला होता. ११ जुलै २०१५ला ते गेले, वय अवघं ५५. दोन वर्षांनी निन्टेन्डोचं ‘स्विच’ यंत्र आलं. त्याच्या आत कुणीतरी तो ‘गोल्फ’ ठेवला होता. यंत्रावर तारीख ११ जुलै असावी लागे, आणि दोन्ही कंट्रोलर हातांत धरून हात पुढे करावे लागत. इवाता प्रेक्षकांशी बोलताना ‘थेट तुमच्यापर्यंत’ म्हणत दोन्ही हात तसेच पुढे करायचे. तो गेम लोकांना २०१७च्या सप्टेंबरमध्ये सापडला. नंतरच्या एका बदलात काढूनही टाकला गेला. पण ज्यांनी तो पाहिला त्यांनी आधी इवातांसारखे हात पुढे केलेले होते. मला यातलं हे फार मोलाचं वाटतं, की गुपिताची किल्ली म्हणजे त्या माणसाची लकब होती.

तूही तसंच कर. आजीचा फोटो भिंतीवर टांगू नकोस, आजी काय करायची ते आठव. तिन्हीसांजेला दिवा लावायची? उंबऱ्यावर रांगोळीचे दोन ठिपके काढायची? खेळणाऱ्याला नकळत तेच करू दे. मैत्रिणींना आणि सरांना आधी सांगून ठेव, कारण चौघींच्या कामात एकीचंच गुपित असू नये. ती जागा मुख्य वाटेवर नको, आणि तिथे गेल्यावर गेम अडकत तर नाही ना, हे तीनतीनदा तपास.

गेम पुरा झाला की मला पाठव. आजीची जागा कुठे आहे ते मात्र लिहू नकोस.